मार्ग नंतर, आधी थांबे ठरवा

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको काही महिन्यांनी गाडीने देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं म्हणतोय. जाऊन-येऊन तीन आठवडे धरलेत. प्रश्न आमच्या कुत्र्याचा, बंड्याचा आहे. तो पाच वर्षांचा, चोवीस किलोचा, रस्त्यावरून उचलून आणलेला. गाडीत तो आजवर फक्त डॉक्टरांकडे जायलाच बसलाय. बसला की थरथरतो, लाळ गाळतो, दोनतीनदा ओकलाही आहे. नवरा म्हणतो, ‘गुंगीची गोळी देऊ, झोपून राहील.’ नणंद म्हणते, ‘त्या मुक्या जिवाला कशाला फरपटत नेताय, बोर्डिंगमध्ये ठेवा.’ मला त्याला सोडून जायचं जिवावर येतं, पण नेऊन त्याचे हाल झाले तर तेही मनाला खात राहील. रोज किती तास गाडी चालवावी? खायला कधी द्यावं? सोबत काय घ्यावं? आणि मुळात त्याला न्यावं का?
– संभ्रमात पडलेली एक वाचक

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न खरं तर पहिला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. उद्या निघायचं असतं तर मी सरळ ‘नेऊ नका’ म्हटलं असतं. पण तुमच्या हातात काही महिने आहेत, आणि बंड्याची अडचण तेवढ्या वेळात पुष्कळ सुटण्यासारखी आहे. तेव्हा निर्णय आत्ता घेऊच नका. निघायच्या तीन आठवडे आधीची एक तारीख ठरवा आणि त्या दिवशी बंड्याकडे बघून काय ते ठरवा. तोवर दोन्ही बेत तयार ठेवा.

आधी एक गोष्ट नीट बघून घ्या. बंड्या कधी बिथरतो? गाडीचं दार उघडल्याबरोबर, इंजिन सुरू व्हायच्या आधीच थरथर चालू होत असेल, तर ती भीती आहे. गाडी म्हणजे इंजेक्शन, हे गणित त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि त्याच्या अनुभवाच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. याउलट सुरुवातीला ठीक असतो आणि चार वळणं गेल्यावर जांभया, ओठ चाटणं, लाळ, मग उलटी असा क्रम लागत असेल, तर त्याला गाडी लागते. पिल्लांना गाडी जास्त लागते, कारण कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय त्या वयात पुरतं तयार झालेलं नसतं. वाढत्या वयात अनेकांचा त्रास आपोआप जातो. पाच वर्षांच्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. पुष्कळ कुत्र्यांमध्ये हे दोन्ही एकात एक गुंतलेलं असतं : एकदा मळमळलं की गाडीची भीती बसते, आणि भीतीने मळमळ वाढते.

भीतीवरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. गाडी जागेवर उभी, इंजिन बंद, दोन्ही बाजूची दारं उघडी. बंड्याचं रोजचं जेवण तिथे, मागच्या सीटवर. त्याला ओढून आत घालू नका, स्वतः चढू दे. काही दिवसांनी दार लावून, मग इंजिन सुरू करून, मग गल्लीच्या टोकापर्यंत. आणि प्रत्येक फेरीचा शेवट त्याला आवडणाऱ्या जागी व्हायला हवा. मैदान, मोकळं रान, ज्या मित्राच्या घरी त्याचे लाड होतात ते घर. एखाद्या पायरीवर तो पुन्हा थरथरला, तर आदल्या पायरीवर या आणि तिथे आणखी चार दिवस काढा. घाई केली की केलेलं सगळं पुसलं जातं.

आता गोळीचं. तुमच्या यजमानांचा हेतू चांगला आहे, पण ‘झोपून राहील’ हा विचार डोक्यातून काढून टाका. कुत्र्यांना गुंगीसाठी वर्षानुवर्षं दिलं जाणारं एक औषध, अ‍ॅसिप्रोमाझीन, शरीर सुस्त करतं. भीती मात्र तशीच राहते. कुत्रा शांत दिसतो, म्हणून आपलं समाधान होतं. शिवाय त्याने रक्तदाब उतरतो, तोल जातो आणि शरीराचं तापमान सांभाळायची ताकद कमी होते. लांबच्या, उन्हातल्या प्रवासात हे तिन्ही नको असतात. उलटीवर मॅरोपिटंट नावाचं औषध आहे, ते मेंदूतल्या उलटीच्या केंद्राशी जाणारा संदेश अडवतं आणि त्याने झापड येत नाही; प्रवासाच्या निदान दोन तास आधी द्यावं लागतं. खरी अडचण भीतीची असेल तर त्यासाठी वेगळी औषधं आहेत. यातलं कोणतं, किती आणि द्यायचं की नाही, हे पशुवैद्य बंड्याला तपासून ठरवतील. जे काही देतील ते आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी देऊन बघा. कुठल्या कुत्र्याला काय चढेल ते सांगता येत नाही, आणि ते निर्जन रस्त्यावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. माणसांच्या औषधांच्या डब्यातलं पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन वगैरे बंड्याला चुकूनही देऊ नका. कुत्र्यांना त्यातून विषबाधा होते.

सराव जमला की एक रात्र बाहेर काढून बघा. चार तासांचा प्रवास, अनोळखी खोली, दुसऱ्या दिवशी परत. बंड्या तिथे जेवला, झोपला आणि सकाळी गाडीकडे स्वतःहून चालत गेला, तर न्या. पाण्याला तोंड लावलं नाही, रात्रभर येरझाऱ्या घातल्या, तर ठेवून जा. अशा वेळी नणंदबाईंचं म्हणणं मला मान्य आहे, फक्त बोर्डिंगआधी ओळखीचं कुणी तुमच्या घरी येऊन राहील का ते बघा. कुत्र्याला जागाही सुटली आणि माणसंही सुटली, असं एकदम होऊ नये. बंड्या म्हातारा, हृदयाचा रुग्ण किंवा पग-बुलडॉगसारखा चपट्या नाकाचा असता, तर मी ही परीक्षा घ्यायलाही सांगितलं नसतं.

समजा, बंड्या पास झाला. आता लोक नकाशा उघडून बसतात आणि रोज किती किलोमीटर कापायचे याचा हिशेब मांडतात. तुम्ही उलटं करा. कुत्र्याच्या प्रवासातले बहुतेक घोटाळे गाडी थांबलेली असताना होतात. चालत्या गाडीत तो तुमच्या डोळ्यांसमोर असतो, एसी चालू असतो, दारं बंद असतात. गाडी थांबते, सगळ्यांना एकाच वेळी पाय मोकळे करायचे असतात, कुणीतरी दार उघडतं, आणि तिथे गडबड होते. म्हणून आधी थांबे ठरवा आणि मग ते जोडणारा रस्ता.

पहिलं दाराचं. घराजवळ सुटलेला कुत्रा वास काढत परत येतो, कारण तिथला कोपरान् कोपरा त्याच्या ओळखीचा असतो. अनोळखी रस्त्यावर ट्रकचा हॉर्न ऐकून सटकलेल्या कुत्र्याला परत येण्यासाठी खूणच नसते. तेव्हा एक शिस्त ठरवा आणि एकदाही मोडू नका : इंजिन बंद, काचा वर, आतल्या आत पट्टा अडकवला, पट्ट्याचं दुसरं टोक हातात आलं, मग एकच दार उघडायचं. तुम्ही ‘थांब’ म्हटलं की बंड्याने थांबायचं आणि ‘चल’ म्हटल्यावरच उतरायचं, हे सरावाच्या दिवसांतच शिकवून टाका. गाड्यांच्या वर्दळीत तो लांब होत जाणारा, बटणाचा पट्टा वापरू नका. साधा, दीड-दोन मीटरचा बरा. गळपट्ट्यावर तुमचा प्रवासात चालू असणारा मोबाइल नंबर हवा, घरचा नको, कारण घरी उचलायला कुणी नसेल. मायक्रोचिप बसवली नसेल तर निघण्याआधी बसवून घ्या. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, आणि तिच्यात पंधरा आकडी क्रमांकापलीकडे काही नसतं. चिपवरून कुत्रा नकाशावर दिसतो असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. कुणीतरी त्याला पकडून दवाखान्यात नेलं, तिथे यंत्र फिरवलं, तर तो क्रमांक दिसतो, आणि त्या क्रमांकापुढे तुमचं नाव-नंबर नोंदवलेलं असेल तरच फोन येतो. ती नोंद ताजी आहे का, हे तपासून घ्या. नकाशावर दिसायला हवा असेल तर गळ्यात जीपीएसचा ट्रॅकर लागेल, आणि त्यालाही बहुधा मोबाइलची रेंज आणि रोजचं चार्जिंग लागतं.

तरीही सटकलाच, तर मागे धावू नका. घाबरलेला कुत्रा ओळखीच्या माणसापासूनही पळतो. खाली बसा, तोंड दुसरीकडे करा, हलक्या आवाजात बोलत राहा. दिसेनासा झाला तर एकाने तिथेच थांबायचं, त्याचं अंथरूण आणि तुमचा घातलेला एखादा कपडा सुटला त्या जागी ठेवायचा, आणि दुसऱ्याने शोधायला जायचं. दोघं एकदम निघून गेलात आणि तो परत आला, तर त्याला तिथे कोण भेटणार?

दुसरं, आणि याबाबत मी हट्टी आहे : बंद गाडीत बंड्याला एकट्याला ठेवायचं नाही. पाच मिनिटंही नाही, सावलीतही नाही, काच चार बोटं खाली करूनही नाही. २००५ साली अमेरिकेत उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आतलं तापमान वेगवेगळ्या दिवशी मोजलं गेलं. बाहेर हवा कितीही सौम्य असो, तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंश सेल्सियसने वाढत होतं, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात होत होती, आणि काच किंचित उघडी ठेवून जवळजवळ काहीच फरक पडत नव्हता. म्हणजे बाहेर २३ अंश, आपल्याला छान गारवा वाटतोय, आणि तासाभराने आत ४५. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या कामाच्या ग्रंथी तळपायांना तेवढ्या. त्याची सगळी भिस्त धापेवर, म्हणजे जीभ आणि श्वासमार्गातून पाण्याची वाफ उडवण्यावर. कोंदट, दमट गाडीत ती वाफ उडेनाशी होते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंशांच्या दरम्यान असतं. ते ४१ च्या पुढे गेलं की अवयवांना इजा व्हायला लागते. ‘एसी चालू ठेवून जातो’ हाही उपाय धरू नका. इंजिन बंद पडतं, आणि बटणांवर पाय देण्यात कुत्री पटाईत असतात.

तुम्ही दोघं आहात, तेव्हा हे सोपं आहे. एकाने आत जाऊन खायचं, दुसऱ्याने बंड्याबरोबर बाहेर सावलीत थांबायचं, मग अदलाबदल. सोबत जेवायची मजा जाते, हे खरं. पण ही किंमत नको असेल तर बंड्याला नेऊच नये.

तरी उन्हाचा तडाखा बसलाच, म्हणजे थांबता न थांबणारी धाप, लालभडक हिरड्या, चिकट घट्ट लाळ, लडखडणं असं दिसलं, तर आधी थंड करा आणि मग दवाखाना गाठा. सावलीत घ्या, हाताशी असेल ते गार पाणी अंगावर ओतत राहा, वारा घाला, एसी पूर्ण वेगात सोडा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका. थोड्या वेळाने तोच उष्णता आत कोंडतो. बरा वाटला तरी डॉक्टरांना दाखवाच, कारण आतली इजा उशिरा कळते.

थांब्याच्या जागेबद्दल आणखी थोडं. डांबरावर हाताचा उलटा पंजा पाचसात सेकंद टेकवता आला नाही, तर ते बंड्याच्या पायांनाही भाजणार. गवताची कड शोधा. जिथे गाड्या उभ्या राहतात तिथली रंगीत डबकी त्याला चाटू देऊ नका. इंजिन गार ठेवायच्या द्रवातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असतं आणि थोडक्या मात्रेतही मूत्रपिंडं निकामी करतं. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो. लोकांनी टाकलेल्या उष्ट्यावरही नजर ठेवा. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं च्युइंगगम ही कुत्र्यांना विषं आहेत. आणि रोज रात्री गोचिडी शोधा : कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, काखेत, गळपट्ट्याखाली.

थांबा म्हणजे नुसतं लघवीला उतरवणं नव्हे. दर दोन तासांनी निदान वीस मिनिटं धरा आणि त्यातली निम्मी त्याच्या नाकाला द्या. चालायचं तो म्हणेल त्या दिशेने, हुंगायचं तो म्हणेल तितकं. दोन तास एका जागी बसलेल्या कुत्र्याचा शीण पळण्यापेक्षा हुंगण्याने जास्त उतरतो, असं माझं निरीक्षण आहे.

चालत्या गाडीतला नियम एकच : बंड्या बांधलेला हवा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली, की आत मोकळा असलेला कुत्रा त्याच वेगाने पुढे जातो. हा वेग साधारण दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडताना जमिनीशी गाठतो तेवढा. त्यात चोवीस किलोचा बंड्या स्वतः तर जाईलच, समोरच्या माणसालाही घेऊन जाईल. मागच्या सीटवर छातीभर रुंद पट्ट्यांचा हार्नेस, तो आखूड पट्ट्याने सीटबेल्टला अडकवलेला. गळपट्ट्याला कधीच अडकवायचा नाही, मान मोडते. किंवा मग पिंजरा, ज्यात त्याला उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता येईल, आणि जो स्वतः गाडीला घट्ट बांधलेला असेल. पुढची सीट नको, एअरबॅग माणसाच्या मापाने बनवलेली असते.

खिडकीतून डोकं बाहेर काढून, कान उडवत बसलेला कुत्रा फोटोत फार गोड दिसतो. तेवढा फोटो गाडी उभी असताना काढून घ्या. वेगात डोळ्यांत जाणारा खडा किंवा किडा बुबुळ फाडू शकतो. १९०३ साली होरेशियो नेल्सन जॅक्सन आणि सेवॉल क्रॉकर यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत मोटारीने अमेरिका ओलांडली. मोटारीने तो खंड ओलांडणारे ते पहिले. वाटेत आयडाहोमध्ये त्यांनी बड नावाचा कुत्रा सोबत घेतला. मोटार उघडी, धूळ अखंड, बडचे डोळे लाल झाले, तेव्हा त्यालाही माणसांसारखा गॉगल चढवला गेला. तो गॉगल आणि ती मोटार आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. तुमच्या गाडीला काचा आहेत, तेव्हा बंड्याचं गॉगलवाचून भागेल. काचेच्या बटणाला मात्र लॉक लावून ठेवा.

रोज किती तास? बंड्यासारख्या नवशिक्यासाठी चाकं फिरण्याचे पाच, फार तर सहा तास, तेही भल्या सकाळी निघून आणि ऊन चढायच्या आत बरंचसं अंतर उरकून. पहिला दिवस सगळ्यात लहान. दर तीनचार दिवसांनी एक पूर्ण दिवस गाडीला हात लावायचा नाही. या हिशेबात तुमचे तीन आठवडे बसतात का, हे नकाशावर बघा. मला शंका आहे. बसत नसतील तर टोक अलीकडे आणा, तास वाढवू नका.

खाण्याचं सोपं आहे. सकाळी निघण्याच्या तीनचार तास आधी थोडंसं, इतकं लवकर उठणं जमणार नसेल तर काही नाही दिलं तरी चालेल. मुख्य जेवण संध्याकाळी, मुक्कामी पोचून तासभर विसावल्यावर. घरी खातो तेच खाऊ घाला आणि पूर्ण प्रवासाला पुरेल इतकं घेऊन निघा. वाटेत मिळेल ते अचानक दिलं तर पोट बिघडतं आणि ते गाडीत निस्तरावं लागतं. पाणी किलोमागे पन्नास-साठ मिलिलिटर, म्हणजे बंड्याला दिवसाला सव्वा-दीड लिटर, उन्हात जास्त. एकदम वाडगाभर देण्याऐवजी प्रत्येक थांब्यावर थोडंथोडं द्या. पहिले एकदोन दिवस शी झाली नाही किंवा पातळ झाली तर घाबरू नका. रक्त दिसलं, पुन्हापुन्हा उलटी झाली किंवा दिवसभर पाण्याला तोंड लावलं नाही, तर मात्र डॉक्टर गाठा. त्यासाठी मुक्कामाच्या प्रत्येक गावातल्या एकेका पशुवैद्याचा नंबर आधीच लिहून ठेवा.

तुमच्या डॉक्टरांना फक्त ‘प्रवासाला जातोय’ म्हणू नका, कुठून कुठे जाताय तो मार्ग दाखवा. प्रदेश बदलला की डास, गोचिडी आणि त्यांचे आजार बदलतात, त्यानुसार लस किंवा औषध लागू शकतं, आणि काही लसींचे दोन डोस काही आठवड्यांच्या अंतराने घ्यावे लागतात. रेबीजच्या लसीची नोंद कागदावरही ठेवा आणि फोनमध्येही.

राहण्याची जागा ठरवताना ‘कुत्रा चालतो ना?’ एवढं विचारून फोन ठेवू नका. खोलीत चालतो की अंगणात बांधावा लागतो? कितव्या मजल्यावर? जिना की लिफ्ट? वजनाची अट आहे का? खोलीत शिरल्याबरोबर आधी तुम्ही वाकून पलंगाखाली आणि कपाटामागे बघा. उंदराचं औषध तिथेच ठेवलेलं असतं. त्याचं अंथरूण निघायच्या आधी धुऊ नका, घरचा वास हीच त्याची ओळखीची वस्तू. आणि नव्या खोलीत त्याला एकटं सोडून बाहेर जेवायला जाऊ नका, निदान पहिले काही मुक्काम तरी.

राहिला परतीचा प्रवास. तो आत्ता पक्का करू नका. दुसऱ्या टोकाला पोचल्यावर तीनचार दिवस थांबा आणि बंड्याकडे बघा. ताजातवाना असेल तर आलात तसेच, पण वेगळ्या रस्त्याने परता. कंटाळलेला, खाणं कमी झालेला दिसला तर परतीला जास्त दिवस लावा, मधली ठिकाणं गाळा आणि एखाद्या शांत जागी दोनतीन दिवस मुक्काम करा. त्यासाठी ऑफिसात चारपाच दिवसांची जादा रजा आत्ताच टाकून ठेवा.